कवितेचं पुस्तक हातात कसं यावं? (आत्याच्या कविता, ३०० प्रती, कोल्हापूर)

तुळसकट्टा
रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण प्रश्न कागद, छपाई आणि शिवणीचा आहे, म्हणून इथे मांडते.

माझी आत्या गेल्या वर्षी गेली. सगळं आयुष्य शुक्रवार पेठेत काढलं, प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि घरात कुणाला फारसं न सांगता दोन दोनशेपानी वह्या कवितांनी भरल्या. त्यातल्या ६१ कवितांचं पुस्तक काढायचं आम्ही भावंडांनी ठरवलं. विकायचं नाही. नात्यातले, तिचे विद्यार्थी आणि गावातली वाचनालयं, एवढ्यांसाठी ३०० प्रती.

इथल्याच एका छापखान्यात काम दिलं. नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती. नमुना प्रत आली ती मी मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या हातात ठेवली. गुळगुळीत आर्ट पेपर. ट्यूबचा उजेड पानावर असा पडत होता की मामा पुस्तक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलतं करत होते. कणा इतका कडक की दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं तरच पुस्तक उघडं राहणार. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा मधली आठ पानं सुटून मांडीवर पडली.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण कविता बघा. आत्याच्या वहीत एक ओळ अशी आहे:

पंचगंगेला पाणी चढलं की दारातली तुळस आधी ओळखते, मी नंतर ओळखतो

छापून आली ती अशी:

पंचगंगेला पाणी चढलं की दारातली तुळस आधी
ओळखते, मी नंतर ओळखते

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात. मी पुण्यात शिकून 'करते' म्हणायला लागले, आत्या शेवटपर्यंत 'करतो'च म्हणायची. तुळस 'ओळखते' आणि बाई 'ओळखतो', त्या एका मात्रेवर ती ओळ उभी आहे. मुद्रितं तपासणाऱ्यानं ती चूक समजून सुधारली. शिवाय एका श्वासाची ओळ पानात बसेना म्हणून मोडली.

मामांनी मोठ्यानं वाचलं. 'आधी'पाशी थांबले, पुढची ओळ वाचली आणि बोट काढून घेतलं. पुस्तक आपोआप मिटलं. म्हणाले, "ही तिची न्हवं."

छपाई थांबवली आहे. आता पुस्तक नव्यानं करायचं आहे आणि या वेळी नीट करायचं आहे. कागद कुठला, आकार कुठला, बांधणी कशी, अक्षर कुठलं? मला यातलं काहीच कळत नाही. कुणी केलं असेल तर सांगा. घाई नाही.

आडवी_ओळ
रविवार, रात्री १०.३५

ताई, मी पुस्तकांची मांडणी करते. तुमच्या पुस्तकाची अडचण कागदाच्याही आधी सुरू झाली आहे. पानाचा आकार आधी ठरला आणि कविता त्यात कोंबल्या. गद्याला ते चालतं, कारण गद्याची ओळ कुठेही वळली तरी बिघडत नाही. कवितेची ओळ कवीनं जिथे सोडली तिथेच सुटायला हवी.

म्हणून आधी दोन्ही वह्या काढा आणि सगळ्यात लांब ओळ शोधा. पानाची रुंदी ती ओळ ठरवणार. नमुना प्रत डेमी आकाराची असणार, साडेपाच बाय साडेआठ इंच. समास सोडून मजकुराला उरतात चार इंच. त्यात अक्षर १६ पॉइंटाच्या आसपास लावलेलं दिसतंय. पानं भरल्यासारखी वाटावीत म्हणून असं करतात. मग अकरा शब्दांची ओळ मोडणारच.

सगळ्यात लांब ओळ किती शब्दांची आहे ते कळवा. आणि पुस्तक आडवं करायला घरच्यांची हरकत आहे का?

तुळसकट्टा
रविवार, रात्री ११.२०

आत्ताच बसून मोजलं. सगळ्यात लांब ओळ १५ शब्दांची. तशा चार ओळी आहेत, चारही पुरावरच्या कवितांत. हरकत कुणाची नाही.

साधासरळ
सोमवार, सकाळी ७.०५

सर्वांचा आदर राखून लिहितो. कविता चांगली असेल तर ती मोबाइलवरही पोचते. ३०० प्रतींचा खर्च करण्यापेक्षा पीडीएफ काढा, हजार जणांना पाठवा. कागद आणि शिवण यात गुंतल्यावर माणूस कवितेपासून लांब जातो असं माझं मत आहे. आज महागडी पुस्तकं बैठकीच्या खोलीत मांडून ठेवतात, वाचत कुणी नाही.

मिरजतिकटी
सोमवार, सकाळी ८.४०

साधासरळ, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, पहिल्याशी नाही. मी स्वतः कविता लिहितो. साठच्या दशकात लघुनियतकालिकं काढणाऱ्यांकडे पैसे नव्हते, तर त्यांनी सायक्लोस्टाइलवर अंक काढले. स्टेन्सिल कापायची, शाई हाताला लागायची, कागद खरबरीत. त्या अंकांना आज आपण जपतो, कारण ते काढणाऱ्यानं प्रत्येक पानावर कविता कुठे ठेवायची याचा विचार केला होता. चांगलं पुस्तक म्हणजे महाग पुस्तक नव्हे. आर्ट पेपर साध्या कागदापेक्षा महागच असतो की! ताईंच्या नमुना प्रतीत पैसे कमी पडलेले नाहीत, लक्ष कमी पडलं आहे.

आणि हे आपलं गाव आहे. अरुण कोलटकर कोल्हापुरात जन्मले, पेशानं ग्राफिक डिझायनर. १९७६ साली त्यांचा 'जेजुरी' हा कवितासंग्रह आला तो चार कवींनी मिळून काढलेल्या क्लिअरिंग हाऊस या प्रकाशनाकडून. कवींनीच प्रकाशक व्हायचं आणि पुस्तकाच्या रूपाची जबाबदारी स्वतः घ्यायची, असं ते काम होतं.

पीडीएफ जरूर काढा. पण मोबाइलवर १५ शब्दांची ओळ वाचण्याएवढी मोठी केली की अर्धी पडद्याबाहेर जाईल, आणि मामांना पुन्हा तेच म्हणावं लागेल.

शिसे_आणि_शाई
सोमवार, दुपारी ३.१५

मी लक्ष्मीपुरीत तीस वर्षं जुळारी होतो. हातानं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचं काम. आता सत्तरी ओलांडली आहे, हे नातवाच्या फोनवरून लिहितो, चूकभूल द्यावी.

आडवी_ओळ ताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. मला कोऱ्या जागेबद्दल सांगायचं आहे. आता संगणकावर कवितेच्या भोवतीची जागा आपोआप मोकळी राहते, म्हणून ती कुणाला दिसत नाही. आमच्या वेळी मोकळी जागा फुकट मिळत नव्हती. ओळ कमी शब्दांची असली की उरलेल्या जागेत क्वाड, म्हणजे अक्षर नसलेले कोरे खिळे, भरायचे. दोन ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालायच्या. दोन कडव्यांमध्ये जाड पट्टी. कवितेच्या चारी बाजूंना फर्निचर, म्हणजे कोऱ्या जागेचे ठोकळे, ठोकायचं, तेव्हा जुळवलेलं पान चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, घट्ट बसायचं. एखाद्या चार ओळींच्या कवितेचं पान उचललं तर भरल्या पानाइतकंच जड लागायचं. कोऱ्या जागेचं वजन मी हातानं उचललं आहे. त्यामुळे कविता पानावर किती खाली सुरू करायची, डावीकडून किती आत घ्यायची, हे आम्ही मालकाला विचारून ठरवायचो. काही कवी स्वतः येऊन खिळ्यांच्या पेटीजवळ उभे राहायचे.

तुमच्या छापखान्यानं कविता पानाच्या मधोमध लावली असेल तर तेही बदला. प्रत्येक ओळ मध्यभागी आणली की डावी कड वेडीवाकडी होते. डोळ्याला परत यायला खुंटी लागते. डावी कड सरळ ठेवा.

आता मुद्रितांबद्दल. 'ओळखतो' बदलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक मुद्रितावर वर लाल शाईनं लिहून द्या: मुळाबरहुकूम. आमच्यात म्हणायचे, मक्षिकास्थाने मक्षिका. वहीत माशी चिकटलेली असेल तर तीही जुळवायची.

आणि एक शब्द मुद्दाम तपासा. आत्याबाईंनी दऱ्याखोऱ्यांवर लिहिलं असणार, पन्हाळ्याच्या बाजूला कोण लिहीत नाही! 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द. एकात डोंगर, दुसऱ्यात समुद्र. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये फिरवताना अर्धा र जातो आणि डोक्यावर रफार येऊन बसतो. हाताच्या जुळणीत निदान तुटलेला खिळा दिसायचा. इथे चूक साफसुथरी दिसते, म्हणून डोळा फसतो.

तुळसकट्टा
सोमवार, सायंकाळी ६.३०

काका, तुमचं वाचून मी नमुना प्रत परत काढली. 'दऱ्या' नावाची कविता आहे, गगनबावड्याच्या रस्त्यावरची. छापून आलंय 'दर्या'. कवितेतही तीन ठिकाणी तेच. आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं.

आडवी_ओळ
सोमवार, रात्री ९.१०

ताई, आकाराचं गणित केलं, सांगते.

छापखान्याच्या कागदाचा एक ताव १८ बाय २३ इंचाचा धरू. नेहमीचं डेमी पुस्तक केलं तर एका तावात १६ पानं होतात. ९६ पानांना प्रत्येक प्रतीमागे ६ ताव, ३०० प्रतींना १८०० ताव, म्हणजे ५०० तावांची एक रीम धरून ३.६ रीम.

आता आडवं करू. २३ इंचाच्या बाजूनं तावाचे तीन पट्टे पाडायचे, प्रत्येक १८ बाय साडेसातपेक्षा थोडा जास्त. पट्टा मधोमध दुमडला की ९ इंच रुंद, साडेसात उंच अशी चार पानं. तीन पट्टे एकात एक घातले की १२ पानांचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवायचा जुडगा. ९६ पानांना ८ फर्मे, प्रत्येक प्रतीमागे ८ ताव. ३०० प्रतींना २४०० ताव, ४.८ रीम. वाया जाणारा धरून साडेपाच रीम मागवा. म्हणजे जास्तीचा कागद सव्वा रीमच्या आसपास, आणि त्याच्या बदल्यात तुमची एकही ओळ मोडणार नाही. १३ पॉइंटाचं अक्षर, दोन ओळींत सढळ जागा. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या हिशेबानं ओळी दाटल्या की ते एकमेकांत घुसतात.

कागद नॅचरल शेडचा, न चकाकणारा, ९० ते १०० जीएसएम वजनाचा. पातळ घेतला तर मागची छपाई इकडे दिसते. गद्यात ती ओळीखाली झाकली जाते. कवितेत मात्र जिथे कोरं हवं तिथेच मागच्या कवितेची सावली पडते.

अक्षर: मंगल नको. तो र. कृ. जोशींनी केलेला आहे, ते स्वतः कवी आणि सुलेखनकार होते, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण तो फाँट पडद्यासाठी घडवलेला, पुस्तकाच्या पानासाठी नव्हे. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका लावून बघा, दोन्ही मोफत मिळतात. पहिल्या पानाची प्रिंट काढून मामांना वाचायला द्या, फाँट त्यांनाच निवडू दे. ल आणि श मराठी वळणाचे आलेत ना, तेही बघा.

दाभण
मंगळवार, रात्री ८.००

ताई नमस्कार. मी बाइंडिंगवाला, वडलांपासनं हाच धंदा. लिवायची सवय न्हाई, पोरगी टाइप करत्या, मी सांगतोय.

तुमचं पुस्तक उघडं ऱ्हात न्हाई त्याला दोन कारणं. एक म्हंजे गोंदावरचं बाइंडिंग. फर्म्याच्या दुमडी कापून टाकत्यात, पानं सुटी करत्यात आणि कण्याला गरम गोंद लावत्यात. आर्ट पेपर गुळगुळीत, त्याला गोंद धरत न्हाई. म्हून पानं पडली.

दुसरं कारण कुणी सांगत न्हाई. कागदाला बी लाकडागत रेषा असत्यात. ग्रेन म्हणत्यात. रेषा कण्याच्या बरोबरीनं पायजेत, वरनं खाली. आडव्या गेल्या की पान कमानीवानी ताठ ऱ्हातंय, आणि पावसाळ्यात कण्यापाशी लाटा येत्यात. तपासायचं सोपं हाय. कागदाचा तुकडा घ्या, एका अंगाला वल्लं बोट फिरवा. कागद गुंडाळून त्याची नळी हुत्या. नळी जिकडं लांब, तिकडं रेषा. त्या ताईंनी सांगितलेल्या मापात कणा २३ इंचाच्या बाजूला येतोय, तर रेषा बी २३ च्या बाजूनं धावणारा ताव मागा. दुकानदार म्हणंल सगळे सारखेच. घ्यायचं न्हाई, आदी वल्लं बोट.

शिवण जुजबंदी. फर्म्याच्या दुमडीत दाभणानं पाच भोकं. सुती दोरा मेणातनं वढून घ्यायचा, नुसता दोरा कागद कापतोय. एका फर्म्यातनं दुसऱ्यात जाताना खालच्या टाक्यात अडकवून घ्यायचं, म्हंजे एक फर्मा सुटला तरी बाकीचे धरून ऱ्हात्यात. दोरा वढायचा तो कण्याच्या दिशेनं, वर न्हाई. वर वढला की भोक फाटतंय. आठ फर्मे झालं की शिकंज्यात दाबायचं, कण्यावर जाळीचं कापड खळीनं डकवायचं. असं पुस्तक टेबलावर ठेवा, उघडं ऱ्हातंय, हात लावायची गरज न्हाई.

३०० पुस्तकं, २४०० फर्मे. मी आन् घरची बसलो तर पंधरा-वीस दिस. करतो म्हटलं तर करतो.

नगरवाचक
मंगळवार, रात्री ९.२५

दाभण दादा, हे वाचून फार बरं वाटलं.

तुळसकट्टा ताई, वाचनालयांना प्रती देणार आहात म्हणून एक सूचना. वाचनालयात पुस्तक फाटलं की पुन्हा बांधायला जातं, आणि तेव्हा बहुतेकदा कण्याच्या बाजूनं आरपार भोकं पाडून शिवतात, वर कडाही कापतात. आतला समास कमी असेल तर ओळीची पहिली अक्षरं शिवणीत जातात. कवितेची डावी कड तिथेच असते. आतला समास भरपूर सोडा, सव्वा इंच तरी.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, म्हणजे पावणेदोनशे वर्षं आपल्या गावाला पुस्तक हातात घ्यायची सवय आहे. दुसऱ्याच्या कविता स्वतःच्या खर्चानं काढायचीही आहे. कुसुमाग्रजांची 'विशाखा' १९४२ साली वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून काढली, ते तेव्हा कोल्हापुरातच राहत होते. युद्धाचे दिवस, कागदाची टंचाई. तुम्ही आत्यासाठी करताय ते आपल्याकडे नवीन नाही.

पूररेषा
मंगळवार, रात्री ११.४५

हा धागा दोन दिवस वाचतोय. मला कवितेतलं कळत नाही. पण पुस्तक पाण्यात गेल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे.

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी शाहूपुरीत आमच्या तळमजल्यात शिरलं. वडिलांचं कपाट खालीच होतं. परत आलो तेव्हा आर्ट पेपरची सगळी पुस्तकं विटा झाली होती. त्या कागदावर मातीसारखा थर असतो, तो पाण्यात सुटतो आणि वाळताना पानाला पान घट्ट चिकटवतो. सुरी घालून बघितली, छपाईच सोलून आली.

त्याच कपाटात वडिलांकडचा एक जुना कवितासंग्रह होता, साध्या कागदाचा, दोऱ्यानं शिवलेला. फुगून दुप्पट झाला होता. एका ओळखीच्या माणसानं सांगितलं तसं मी दोरा कापला, फर्मे सुटे केले, स्वच्छ पाण्यात एकेक हलकेच बुडवून गाळ काढला, मध्ये टिपकागद घातले आणि पंख्याखाली चार दिवस पालटत राहिलो. मग पाट्याखाली दाबून ठेवले. परत शिवून घेतलं. आज वाचता येतं. कडेला पाण्याची तपकिरी रेघ आहे, पहिल्या पानावर आईनं शाईपेननं लिहिलेलं वाहून गेलं. वडिलांनी पेन्सिलीनं लिहिलेली तारीख मात्र जशीच्या तशी आहे.

शिवलेलं पुस्तक उसवता येतं, म्हणून वाचलं. गोंदाचं असतं तर उसवायला काही नव्हतंच. तुमच्या आत्या पुरावर लिहीत होत्या. त्यांचं पुस्तक पुरातून वाचेल असंच करा.

दाभण
बुधवार, सकाळी ७.३०

पूररेषा दादा, तुमी बरोबर केलं. घाईनं उन्हात टाकलं असतं तर वाकडं झालं असतं.

पायताण_ओळ
बुधवार, दुपारी १.१०

आमचा चपलांचा धंदा. वाचता वाचता वाटलं, कण्याला कोल्हापुरी कातडं का नको? बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, रंग आपोआप गडद होत जातो, हाताच्या तेलानं आणखी छान दिसतं.

मग काल रात्री कारागिराला विचारलं आणि त्यानं मलाच समजावलं. चपलेचं कातडं म्हशीचं, जाड. रापीनं कितीही तासलं तरी पुस्तकाच्या बिजागरीला वाकताना ते कागदाला वरचढ होणार. कण्याला शेळीचं पातळ कातडं लागतं. आणि आपल्या पावसाळ्यात बंद कपाटात कातड्यावर बुरशी धरते. ३०० प्रती लोकांच्या घरी जाणार, त्यांना तेलपाणी कोण करणार? तो म्हणाला, मामांच्या एका प्रतीला करून देतो, बाकीच्यांना कापड बरं. त्या एका प्रतीचं कातडं आमच्याकडून. पैसे विचारू नका.

आडवी_ओळ
बुधवार, सायंकाळी ५.५०

कापड इचलकरंजीचं मांजरपाट घ्या, कोरं, न रंगवलेलं. पण थेट पुठ्ठ्यावर लावू नका, खळ विणीतून वर येते आणि डाग पडतात. आधी मागून पातळ कागद चिकटवून वाळू द्या. वर नाव छापायला लग्नपत्रिकावाल्यांकडे जा. नंबरिंग आणि पंचिंगसाठी त्यांच्याकडे अजून ट्रेडल, म्हणजे छपाईची जुनी दाबयंत्रं, आहेत. धातूचा ब्लॉक करून नाव कागदी पट्टीवर दाबून घ्या, शाई कमी, दाब जास्त. बोट फिरवलं की अक्षर लागलं पाहिजे.

साधासरळ
बुधवार, रात्री १०.००

पूररेषा यांचा प्रतिसाद वाचून माझं मत बदललं. ताई, मलाही एक प्रत द्याल का? टपालखर्च पाठवतो.

तुळसकट्टा
तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९.१५

मंडळी, डमी, म्हणजे नव्या पुस्तकाची नमुना प्रत, आली.

दाभण दादांच्या घरी गेले होते. जमिनीवर पोतं अंथरलेलं, पुढ्यात शिकंजा, डाव्या हाताला मेणाचा गोळा. त्या गोळ्यावर दोरा ओढून ओढून खोबणी पडल्या होत्या, बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या. वहिनी फर्मे दुमडत होत्या. दुमडीवर आधी अंगठा, मग हाडाची पट्टी, एकदाच, वरून खाली. मी दुसऱ्यांदा फिरवायला गेले तर म्हणाल्या, "दोनदा फिरवलं की चमक येत्या." खळीचं पातेलं बाजूला निवत होतं, किंचित निळसर. कसर, म्हणजे पुस्तकं खाणारी कीड, लागू नये म्हणून मोरचूद घातला होता. "इख हाय ते, लेकरं आली की वर ठेवतो," वहिनी म्हणाल्या. *ठेवतो.* मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

कागदाच्या दुकानात ओलं बोट फिरवलं. पहिले दोन ताव चुकीच्या रेषेचे निघाले, तिसरा घेतला. फाँट मामांनी निवडला, शोभिका. सगळी मुद्रितं मी आणि माझ्या चुलतभावानं वही समोर ठेवून वाचली, एकानं मोठ्यानं, एकानं मनात. वर लाल शाईत 'मुळाबरहुकूम'.

डमी मामांच्या पुढ्यात, जेवणाच्या टेबलावर ठेवली. पुराची कविता उघडली आणि हात काढून घेतला. पान उघडं राहिलं. मामांनी चष्मा लावला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि वाचलं. ती ओळ आली तेव्हा 'आधी'पाशी थांबले नाहीत. 'ओळखतो'पर्यंत एका दमात गेले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. पंधरा मिनिटं मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

सोमवारी छपाईच्या प्लेटा निघतील. डमीच्या पानांचे फोटो खाली टाकलेत: पुराची कविता, 'दऱ्या', अनुक्रमणिका आणि मांजरपाटाचं वेष्टन. कुणाला काही दिसलं तर रविवारपर्यंत सांगा.

पूररेषा
शनिवार, रात्री ९.४०

वेष्टन फार सुंदर झालंय. प्रती देताना पहिल्या पानावर नावं पेन्सिलीनं लिहा.

आडवी_ओळ
शनिवार, रात्री १०.०५

पुराच्या कवितेच्या खाली जी मोकळी जागा राहिली आहे, तिथे पानाचा आकडा सोडून काहीही घालू नका. कुणी नक्षी सुचवली तरी नाही म्हणा.

शिसे_आणि_शाई
रविवार, सकाळी ६.२०

पहाटे उठून फोटो मोठे करून पाहिले. पुराची कविता निर्दोष. 'दऱ्या' कविता निर्दोष, तिन्ही ठिकाणी.

अनुक्रमणिका बघा. उजवीकडचं पान, खालून तिसरी ओळ. तिथे अजून 'दर्या' आहे. अनुक्रमणिका जुन्या फाइलवरून उचलली असणार.

तुळसकट्टा
रविवार, सकाळी ७.०२

काका. आम्ही ६१ कविता दोनदा वाचल्या आणि अनुक्रमणिका एकदाही नाही.

आत्ताच फोन केला. फाइल अजून मशीनवर गेलेली नाही. ती ओळ बदलून नवीन मुद्रित दुपारी येतंय, ते तुम्हाला पाठवते. तुम्ही 'ठीक' म्हणाल तेव्हाच प्लेटा निघतील.

शिसे_आणि_शाई
रविवार, दुपारी ४.४८

मुद्रित पाहिलं. 'दऱ्या' बरोबर. पृष्ठांक ५७ तोही जुळतो, फोटोतल्या पानाशी ताडून पाहिला.

ठीक.